मुंबईत तीन दिवस, आई आणि मुलं सोबत: काय पाहायचं, कुठे जेवायचं?

प्रतापनगरची_ताई

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुरांतोने मुंबईला जाऊन राहिलो आहोत. शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरू, सोमवारी रात्रीच्या गाडीने परत. आम्ही दोघं, माझी आई (वय ६८, शाकाहारी, गुडघे दुखतात), मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ७ ची. मुक्काम फोर्टमध्ये, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर.

सध्या ठरवलंय ते असं: शनिवारी सामान ठेवून लोकलने दादर-माटुंगा, तिथे नाश्ता, मग सिद्धिविनायक. रविवारी गेटवे, संग्रहालय, दुपारी ब्रिटानियात बेरी पुलाव. सोमवारी घारापुरीची लेणी, परत येऊन हाजी अली, आणि गाडी. एकदा तरी समुद्राचे मासे नीट खायचे आहेत. घरी रोहू, कतला, कधी मरळ, एवढंच होतं. मुलीला काट्यांची भीती वाटते. हॉटेलात बसल्यावर नेमकं काय मागवायचं? आईचं त्याच टेबलावर काय होईल? यात काही चुकत असेल तर आत्ताच सांगून द्या जी. गाडीची तिकिटं झाली आहेत, बाकी सगळं बदलता येतं.

सीताबर्डीकर

ताई, जागा बरोबर निवडल्या, वार चुकले. घारापुरी सोमवारी बंद राहते. ब्रिटानिया रविवारी बंद राहतं. माटुंग्यातलं कॅफे मद्रास आणि रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, दोन्ही सोमवारी बंद. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो, म्हणून त्या दिवशी लोकलवर अवलंबून राहायचं नाही. माटुंग्यातली ही दोन हॉटेलं सोडून दिली की बाकीचं असं बसतं: शनिवार फोर्टचा, रविवार घारापुरीचा, सोमवार दादरचा.

शनिवार. हॉटेलची खोली सकाळी आठला मिळेलच असं नाही. सामान त्यांच्या काउंटरपाशी ठेवू देतात का ते आधी फोनवर विचारून घ्या. नाही म्हणाले तर सीएसएमटीचं क्लोकरूम आहे, पण तिथे प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं. चेन असलेल्या बॅगांना छोटी कुलपं नागपूरहूनच लावून न्या, नाहीतर सकाळी सकाळी कुलूप शोधत फिरावं लागेल. तिकीट आणि ओळखपत्र हाताशी ठेवा.

नाश्ता धोबी तलावला, मेट्रो सिनेमासमोर क्यानीत करा. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. बन मस्का, चहा, मावा केक. आईसाठी मावा केक घेण्याआधी अंड्याचा विचार करा, त्यात अंडं असतं. बन मस्का चालेल.

ब्रिटानिया बॅलार्ड इस्टेटमध्ये, १९२३ पासूनचं. दुपारच्या जेवणापुरतंच चालतं, आणि शनिवारी साडेबारानंतर रांग लागते. बारा वाजता दारात उभे राहा. तिथला बेरी पुलाव म्हणजे इराणी झरेश्कचा भात. लालसर, आंबट, मनुक्यापेक्षा लहान फळं असतात ती. आईसाठी भाजीचा बेरी पुलाव मागवा. एका प्लेटीत भात भरपूर येतो, तेव्हा मुलांना वेगळी प्लेट नको. शेवटी कॅरॅमल कस्टर्ड (यातही अंडं). खिशात रोख ठेवा.

जेवून दोनच्या सुमाराला टॅक्सीने काळा घोड्याला, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. टॅक्सीच घ्या, कारण या भागात ऑटो चालत नाहीत. माहीमच्या आणि शीवच्या पलीकडेच ऑटो. नागपूरकर इथे हमखास फसतो, कोपऱ्यावर ऑटोची वाट पाहत राहतो. १९२२ ला उघडलेल्या या इमारतीचं शिल्पदालन तळमजल्यावर आहे. आईंना जिना चढायचा नसेल तरी तेवढ्यात तासभर छान जातो.

पावणेपाचला तिथून निघून ओव्हल मैदानावर या, चालत दहा मिनिटं. मैदानात मधोमध उभं राहायचं. पूर्वेला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दोन्ही १८७८ ची, टोकदार कमानींची गॉथिक बांधणी. पश्चिमेला गुळगुळीत गोलाईच्या गच्च्यांची आर्ट डेको घरं, विसाव्या शतकातली. दोन काळ समोरासमोर. याच समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मुलाला एवढं समजावून सांगा, पुढची मुंबई त्याला वेगळी दिसेल.

पुढे आणखी दहा मिनिटं पश्चिमेला चाललात की मरीन ड्राइव्ह. डिसेंबरात सूर्य सहाच्या जरा पुढे मावळतो, नागपूरपेक्षा साधारण अर्धा तास उशिरा. सूर्यास्त गेटवेला दिसत नाही, गेटवे पूर्वेकडे तोंड करून बंदरावर उभा आहे. बरेच जण संध्याकाळी तिकडे जातात आणि सूर्य मागे इमारतींत बुडतो. कठड्यावर बसा, पण पलीकडच्या काँक्रीटच्या चौपाई ठोकळ्यांवर मुलांना उतरू देऊ नका. त्यांवर शेवाळ असतं आणि पाय दोन ठोकळ्यांच्या फटीत गेला की ओढून काढणं फार कठीण.

परतताना रात्री सीएसएमटीची इमारत पाहून घ्या, महापालिकेच्या कोपऱ्यावरून. दर्शनी बाजू पश्चिमेची आहे, सकाळी सावलीत असते. दिवे लागल्यावर खरी दिसते. महापालिकेची इमारतसुद्धा त्याच स्थापत्यकाराची, फ्रेडरिक स्टीव्हन्सची, १८९३ ची.

उधाण_भरती

वार वरच्यांनी लावून दिले. समुद्राची वेळ मात्र कोणी सांगितली नाही, आणि हाजी अलीचं सगळं त्यावरच आहे. दर्ग्याचा रस्ता समुद्रातून जातो. मोठी भरती आली की तो पाण्याखाली जातो आणि ये-जा थांबते. "सोमवारी घारापुरीनंतर" ही काही वेळ झाली नाही. भरती किती वाजता, हे आधी काढा.

कोकणातला हिशेब सोपा आहे, कालनिर्णय असलं की झालं. त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता. अष्टमीला ६ वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरले तर सव्वाअकरा येतात, पण प्रत्यक्षात बाराच्या आसपास जातं. एवढा पाऊण-एक तासाचा फरक या हिशेबात कायम सोडायचा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

असं का, तर चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. दिवसाला पाऊण तास म्हणजे तिथीची पाऊणपट. जुन्या लोकांनी यात बारीकसारीक सोडून दिलं आणि तोंडी करता येईल असा आकडा ठेवला.

आता उंचीचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आजूबाजूला दोन-तीन दिवस उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, दोन्हीकडे कमी. तुमचा सोमवार उधाणात येत असेल तर भर दुपारी हाजी अलीला जाऊच नका, चार वाजेनंतर जा. भांगात असेल तर फार अडचण येत नाही. नक्की वेळ त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात किंवा भरतीच्या तक्त्यात मिळते, पण हॉटेल आणि टॅक्सी ठरवण्यापुरता तिथीचा हिशेब घरी बसून पुरतो.

हाच हिशेब गेटवेलाही कामाचा. ओहोटीला होडीत चढायच्या पायऱ्यांचा खालचा भाग उघडा पडतो आणि तो शेवाळलेला राहतो. होड्या एकीला एक लावून उभ्या असतात, कधी एकीतून दुसरीत पाऊल टाकावं लागतं. आईंना रबरी तळव्याची चप्पल, आणि दोन्ही हात मोकळे. पिशवी दुसऱ्याकडे.

रामदासपेठ_१०

घारापुरीबद्दल, गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी. गेटवेहून सकाळी नऊच्या सुमाराला होड्या सुरू होतात, प्रवास तासाभराचा. रविवारी पहिल्या एक-दोन होड्यांतच जा. अकरानंतर गर्दी इतकी होते की मुख्य लेण्यात मूर्तीसमोर शांत उभं राहता येत नाही. तिकीट जाऊन-येऊन एकत्र मिळतं, परतीचा भाग जपून ठेवा. लाइफ जॅकेट देतात, ते नुसतं मांडीवर न ठेवता घाला, मुलांचं मापाचं मागून घ्या.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी असते. तिथून पुढे सुमारे १२० पायऱ्या. पायऱ्या रुंद आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं, बरीचशी सावली. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे लक्षात ठेवून डोलीचा विचार करा. डोलीचा भाव जाऊन-येऊन आणि वर थांबण्यासकट आधीच बोलून घ्या. वर गेल्यावर मुख्य लेणं सपाटीवरच आहे. बाकीची लेणी सोडली तरी चालतील. जे पाहायचं ते पहिल्यातच: सुमारे २० फुटी त्रिमुखी सदाशिव, अर्धनारीश्वर, गंगाधर, नटराज. आत आधी डोळे अंधाराला सरावू द्या, पाच मिनिटं खांबांमध्ये थांबा, मग मूर्तीकडे वळा. लगेच फोटो काढून निघालात तर चेहऱ्यांवरचे भाव दिसतच नाहीत.

माकडं खूप. हातात बिस्किटाचा पुडा, बाटली, मक्याचं कणीस काही नको. सगळं बॅगेत, चेन लावून.

आईंना होडीच नको वाटली तर रविवारी त्या आणि कोणी एक जण संग्रहालयात, बाकीचे घारापुरीला, अशी वाटणी करा. शनिवारी मग संग्रहालय सोडून दुपारी आराम. मला तरी हे जास्त बरं वाटतं. तीन दिवसांत एक दुपार झोपायला हवीच.

मुलं मत्स्यालय म्हणतील तर मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला कोविडच्या काळापासून बंद आहे. राणीच्या बागेत पेंग्विन आहेत, भायखळ्याला. ती बाग बुधवारी बंद, तुम्हाला अडचण नाही.

इतवारीचा_खवैया

माशांचं मी सांगतो.

पहिली गोष्ट, सावजी डोक्यातून काढून बसा. काळ्या मसाल्याची तर्री, खडा गरम मसाला, तोंडातून जाळ, ते इथे मागायचं नाही. समुद्राच्या माशाला स्वतःची गोडी आणि खारटपणा असतो. "जरा झणझणीत करा" म्हटलं की वरून तिखट पडतं आणि सुरमई काय नि रोहू काय, सारखंच लागतं. जसं करतात तसं खा.

काटे. रोहू-कतल्याच्या मांसात बारीक, दोन फाट्यांचे काटे विखुरलेले असतात, त्याचीच मुलीला भीती बसली असणार. सुरमईची तुकडी आडवी कापतात, मधे एक जाड काटा, तो काढला की बाकीचं मांस सलग सुटतं. तिच्यासाठी सुरमईच. दुसरा पर्याय पापलेट: मधल्या सपाट काट्यावरून मांस काट्या-चमच्याने बाजूला सरकतं. मुलाला बोंबील द्या, रव्यात तळलेले. काटा इतका मऊ की चावून खाल्ला जातो. बांगडा चवीला जोरदार, पण वास उग्र आणि काटे जास्त. पहिल्या दिवशी नको.

तव्यावरचं आणि रव्यातलं यात फरक आहे. नुसता मसाला लावून तव्यावर भाजलेली तुकडी म्हणजे तवा फ्राय. रवा किंवा तांदळाचं पीठ लावून परतलेली ती रवा फ्राय. पहिल्यात माशाची चव जास्त कळते, दुसऱ्यात कुरकुरीतपणा. बोंबिलात पाणी खूप असतं. ते पिळून, दाबून काढलं नसेल तर रवा सुटून येतो आणि आतून लगदा लागतो. म्हणून बोंबील गरम गरमच, आणि पानात आले की आधी तेच संपवा.

कोणत्या हॉटेलात कसलं जेवण, ते पाटीवरून ओळखा. मालवणी म्हणजे खोबऱ्याचं वाटण, लाल मसाला, आंबटाला आमसूल, बांगड्याच्या कढीत तिरफळ. दादर पश्चिमेचं सिंधुदुर्ग त्यातलं. गोमंतक नाव असेल तर गोव्याकडची पद्धत, रस्सा पातळ नि सौम्य. फोर्टचं महेश लंच होम मंगळूरकडचं, तिथे गस्सी (नारळाचा रस्सा) आणि नीर डोसा (तांदळाचा पातळ, मऊ डोसा). काळा घोड्याचं तृष्णा खेकड्यासाठी, लोणी-मिरी-लसणातल्या. खेकडा फोडायला वेळ आणि हात लागतात, लहान मुलं सोबत असताना त्याच्या भानगडीत पडू नका.

तुम्ही सोमवारी दादरला असाल तर दुपारी मालवणी थाळी घ्या. साधारण थाळीत तळलेली एक तुकडी, वाटीभर रस्सा, एखादं सुकं, भात, चपाती किंवा तांदळाची भाकरी, सोलकढी. ज्वारीची भाकरी शोधू नका. चौघांत तीन थाळ्या आणि एक जादा सुरमई तुकडी पुरते. पाटीवर भावाच्या जागी "आकारानुसार" लिहिलेलं असेल तर (पापलेट, खेकडे, मोठी कोळंबी) आधी मासा पाहायचा, भाव विचारायचा, मग होकार द्यायचा. बिलावर वाद होतो तो इथेच.

सोलकढी जेवणाच्या शेवटी भातावर, किंवा नुसती प्या. नारळाचं दूध आणि आमसुलाचा आगळ असतो, गार आणि ताजी असली पाहिजे. पाणी खाली, साय वर अशी फुटलेली दिसली, आंबूस वास आला, तर परत करा.

तिसऱ्या मागवल्या तर शिजूनही न उघडलेला शिंपला बाजूला टाका, जोर लावून उघडू नका.

तुम्ही डिसेंबरात जाता हे चांगलं. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा पानात येणारा मासा बराचसा बर्फातला किंवा बाहेरून आणलेला.

प्रतापनगरची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. वार बदलले: शनिवार फोर्ट, रविवार घारापुरी, सोमवार दादर. तिथी काढली, उधाण-भरतीदादा, सोमवारी दशमी येते आहे. म्हणजे साडेसातला भरती ना? दोन प्रश्न राहिले. सोमवारी कॅफे मद्रास बंद, मग माटुंग्याला जायचं की नाही? आणि मालवणी हॉटेलात आई काय खाणार?

उधाण_भरती

हो, साडेसात, सकाळी आणि संध्याकाळी. पावणेदोन वाजता ओहोटी. म्हणजे दुपारी बारा ते तीन रस्ता छान मोकळा. दशमीला भांग नुकताच सरलेला असतो, पाणी फार चढणार नाही. दादरचं जेवण लवकर उरका आणि हाजी अली अडीचपर्यंत करा.

शिवाजीपार्क_ते_शंकरनगर

माटुंग्याला जा. राम आश्रय सोमवारी चालू राहतं, १९३९ पासूनचं आहे. लोकलचं नीट वाचा: तुम्हाला मध्य रेल्वेचं माटुंगा हवं. पश्चिम रेल्वेवर माटुंगा रोड नावाचं दुसरं स्टेशन आहे, तिथे उतरलात तर आईंना उगाच बरंच चालावं लागेल. सीएसएमटीहून धीमी लोकल घ्या, जलद गाडी माटुंग्याला थांबत नाही. सकाळी गर्दी फोर्टकडे येते, तुम्ही उलट जाणार, त्यामुळे आठ-साडेआठलाही बसायला जागा मिळेल. हीच गोष्ट संध्याकाळी साडेपाचनंतर उलटी होते, म्हणून परतीला लोकल नको. सिद्धिविनायक किंवा दादरहून मेट्रो ३ घ्या. ती ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण चालू आहे, सीएसएमटीला थेट उतरता, आणि लिफ्ट आहेत. हाजी अलीला मात्र दादरहून टॅक्सी.

राम आश्रयमध्ये अननसाचा शिरा, रवा डोसा, फिल्टर कॉफी. रवा डोशाला वेळ लागतो, तो आधी सांगा, इडली येईपर्यंत तो होतो. कॉफी पेला आणि वाटीत येते, वाटीत ओतून गार करून प्यायची.

सिद्धिविनायकाला सोमवार चांगला. मंगळवारी रांग फार.

आईंचं जेवण. मालवणी हॉटेलात काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे मिळतात का विचारा, त्यांच्यासाठी तोच खरा पदार्थ. खोबरं-मसाल्याची दाट आमटी असते. शब्दाचा गोंधळ होऊ देऊ नका: आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, माटुंग्याला सांबार म्हणजे डाळीचं, आणि मालवणात सांबारं म्हणजे हे. एकाच दिवसात तिन्ही भेटतील. आईंना एकाच तव्याचं किंवा तेलाचं चालत नसेल तर त्यांची सोय वेगळी करा. गडकरी चौकातलं आस्वाद शाकाहारी आहे: थालीपीठ, मिसळ. २०१५ मध्ये त्यांच्या मिसळीला लंडनच्या एका स्पर्धेत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं होतं. तर्रीच्या अपेक्षेने खाऊ नका, ती गोडसर बाजूची आहे. दादरच्याच प्रकाश हॉटेलातला साबुदाणा वडा आणि पीयूष, हेही आईंना आवडेल. पीयूष श्रीखंडासारखं गोड आणि दाट, दोघांत एक पेला पुरे.

इतवारीचा_खवैया

एक राहिलं. परत येताना सुके मासे आणायचे असतील तर सोमवारीच दादरला घ्या, आधी घेऊन हॉटेलच्या खोलीत ठेवू नका. सोडे, जवळा, सुके बोंबील. बोंबील हाताने वाकवून पाहा: कडक हवा, चिकट नको. पिवळट झालेला आणि खवट वासाचा असेल तर जुना आहे. सोड्यांत वाळू आहे का ते तळहातावर घासून पाहा. बांधताना आधी वर्तमानपत्र, मग दोन जाड प्लास्टिक पिशव्या, मग घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. नुसत्या पिशवीत नेले तर दुरांतोच्या एसी डब्यात रात्रभर वास फिरेल. नागपूरला पोचल्यावर एक दिवस कडक उन्हात वाळवा आणि फ्रीजमध्ये ठेवा. पावसाळ्यापर्यंत टिकतात, त्यानंतर बुरशी धरते. पहिल्यांदा जवळाच करा: कोरडा भाजून, पाखडून, कांदा-लसूण आणि आमसुलावर परतलेला. ज्वारीच्या भाकरीसोबत चांगला जातो.